बिद्रीच्या सोप्यांत इराणचा राजपुत्र

कोल्हापुराहून गारगोटीकडे जाणारी सडक कळंब्याचा तलाव आणि कात्यायनीचा डोंगर मागें टाकून इस्पुर्लीच्या पुढें गेली, म्हणजे दोन्ही अंगांस उंसावांचून दुसरें कांहीं दिसेनासें होतें. याच सडकेवर, कागल तालुक्यांत, दूधगंगेच्या कांठचें बिद्री हें गांव आहे. गांवापुढें थोड्याच अंतरावर मुधाळ तिट्टा लागतो. तेथें निपाणीहून राधानगरीमार्गें फोंडाघाट उतरून कोंकणांत जाणारी वाट आमच्या सडकेला मिळते. बाळूमामांच्या दर्शनाला आदमापुरास जाणारे कितीतरी यात्रेकरू बिद्रीवरून जातात, पण येथें गाडींतून उतरणारा विरळा. दूरच्या माणसानें बिद्रीचें नांव ऐकलेलें असलेंच, तर तें साखरेमुळें. सह्याद्रींत उगम पावलेल्या दोन नद्यांचीं नांवें जोडून घेतलेला श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना तो येथलाच. पाटगांवच्या मौनी महाराजांच्या नांवावरून त्याच्या वसाहतीला मौनीनगर म्हणतात. गळिताच्या हंगामांत रात्रीं-अपरात्रीं उंसाच्या गाड्यांची रांग सडकेच्या कडेला उभी असते, आणि मळीचा आंबूस-गोड वास वाऱ्याबरोबर घराघरांत शिरतो. नवख्याला तो दोन दिवस सोसत नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याची आठवणही राहत नाहीं.

बिद्री हें आमचें आजोळ. गेल्या माघांत गणेशजयंतीच्या निमित्तानें आम्ही तेथें पांच दिवस राहिलों. तिघां मामांचीं कुटुंबें, पुण्याहून आणि बेंगळुराहून आलेल्या लेकी-सुना व नातवंडें मिळून सत्तावीस पानें दोन्ही वेळां मांडलीं जात होतीं. घराचा पुढचा भाग जुना आहे: दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब, मंगळुरी कौलें आणि अंगणाकडे तोंड करून बसलेला लांबरुंद सोपा. मागचा भाग पंधरा वर्षांपूर्वीं पाडून सिमेंटाचा केलेला आहे. उन्हाळ्यांत सगळे जुन्यांत निजतात, पावसाळ्यांत नव्यांत. आणि दोहोंपैकीं चांगला कोणता, हा वाद आजवर मिटलेला नाहीं. या मुक्कामांत त्याच जातीचा दुसरा एक वाद ऐकण्याचा योग आला. तो घराविषयीं नव्हता, एका व्हिडिओ गेमविषयीं होता. वाचकांपैकीं कित्येकांना हा विषय पोरकट वाटेल. परंतु या वादाच्या पोटांत घरांतल्या एका मुलाचा प्रश्न दडलेला होता, म्हणून तो येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एका पक्षाला आमचे थोरले मामा होते. वय बहात्तर; कोल्हापुरांतल्या एका कचेरींत हिशेबनीस म्हणून त्यांचा जन्म गेला. तेथें १९९२ च्या सुमारास संगणक आले, त्यांबरोबर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळही आला, आणि मामा त्याचे भक्त झाले. दुसऱ्या पक्षाला पुण्याचे दोन भाचे, तेरा आणि पंधरा वर्षांचे. त्यांनीं आपलें खेळाचें यंत्र बरोबर आणून सोप्यांतल्या टीव्हीला जोडलें होतें. त्यावर याच मालिकेंतला अगदीं अलीकडचा खेळ चालूं होता. दोहोंच्या मध्यें, कोणत्याच पक्षाचा नसलेला, मामांचा थोरला नातू बसलेला असे. त्याचें वय एकोणीस. वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेस तो दोनदां बसला आणि दोन्ही वेळां थोडक्यांत राहिला. घरांत हा विषय कोणी काढीत नसे. आणि तो कोणी काढीत नाहीं याचाच त्याला अधिक जाच होत असावा.

जुना खेळ जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणानें जवळजवळ एकट्यानें रचला, आणि ब्रॉडरबंड कंपनीनें तो १९८९ सालीं ॲपल टू या संगणकासाठीं प्रसिद्ध केला. एकट्यानें रचला असें म्हणतात खरें, परंतु एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला त्याच्यामागचें घर लगेच दिसतें. राजपुत्राचें धांवणें, उडी मारणें, कड्याला लोंबकळून वर चढणें हें सारें मेक्नरनें आपल्या धाकट्या भावाकडून १९८५ सालीं करवून घेतलें. त्याचें चित्रण केलें, आणि त्यांतलें एकेक चित्र गिरवून संगणकावर उतरविलें. खेळांतलें संगीत त्याच्या वडिलांनीं रचलें. तलवारीचे हात मात्र १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटांतून घेतले. पुढें मूळ संहितेच्या तबकड्या हरवल्या; त्या २०१२ सालीं वडिलांनाच घरच्या कपाटांत सांपडल्या, आणि मेक्नरनें ती संहिता जगाला खुली करून दिली. मामांना यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. आम्हीं सांगितलें तेव्हां ते एवढेंच म्हणाले, “म्हणजे धाकट्या भावाला राबवण्याची चाल तिकडेही आहे तर!”

खेळाची कथा दोन वाक्यांची आहे. सुलतान लढाईवर गेला असतां त्याचा वजीर जाफर राजकन्येपुढें वाळूचें घड्याळ ठेवतो व सांगतो कीं, तासाभरांत माझ्याशीं लग्न कर, नाहीं तर मरणाला तयार हो. तिचा प्रियकर तळघरांत कोंडलेला आहे. त्यानें साठ मिनिटांच्या आंत बारा टप्पे चढून तिच्यापर्यंत पोंचावयाचें. वाटेंत पाय ठेवतांच कोसळणाऱ्या फरशा आहेत, जमिनींतून उसळणारे भाले आहेत, जबड्याप्रमाणें मिटणारीं पातीं आहेत, आणि तलवार घेतलेले पहारेकरी आहेत. मेलें तर त्या टप्प्याच्या आरंभापासून पुन्हां सुरुवात. घड्याळ मात्र मागें जात नाहीं. कचेरी सुटल्यावर एका यंत्राभोंवतीं सातआठ कारकून जमत. एकाच्या बोटांखालीं कळा, बाकीच्यांच्या तोंडीं सूचना. कोणी जुन्या कीर्दीच्या पाठकोऱ्या पानांवर तळघराचा नकाशा काढी. आठव्या टप्प्यांत दार बंद होऊन राजपुत्र अडकतो, तेव्हां राजकन्येनें पाठविलेला एक लहानसा उंदीर येऊन कळीवर चढतो व दार उघडतो. तो उंदीर प्रथम दिसला त्या संध्याकाळीं कचेरींत पेढे वांटले गेले, असें मामा सांगतात.

या जुन्या खेळांतली सर्वांत सुंदर कल्पना अडचणींतून निघालेली आहे. त्या काळच्या संगणकाची स्मृति फार तोकडी होती. नव्या शत्रूचें चित्र ठेवण्यास जागाच उरली नव्हती. तेव्हां मेक्नरनें राजपुत्राचेंच चित्र उलटेंपालटें करून त्याची छाया निर्माण केली. चौथ्या टप्प्यांत राजपुत्र एका आरशांतून उडी मारतो आणि पलीकडून त्याची छाया पळत सुटते. तीच पुढें त्याचें औषध पळविते, त्याच्या तोंडावर दार लावून घेते, आणि शेवटीं तलवार घेऊन त्याच्यासमोर उभी राहते. तिला केलेला प्रत्येक वार आपल्याच अंगावर येतो. तलवार म्यानांत घालून सरळ तिच्याकडे चालत गेलें, म्हणजे दोघे एक होतात. आणि त्यानंतर पुढें जेथें जमीन दिसत नाहीं तेथें पाऊल टाकलें असतां पायाखालीं फरशी उमटते. अध्यात्माच्या पुष्कळ ग्रंथांत जें विस्तारानें सांगितलेलें असतें, तें येथें अपुऱ्या जागेच्या निमित्तानें येऊन गेलें आहे.

भाच्यांची तक्रार वेगळी होती. जुना खेळ निर्दय आहे, एवढ्याशा चुकीला मरण हा कोठला न्याय, असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं मामांना २००३ सालचा ‘द सँड्स ऑफ टाइम’ दाखविला. युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियल येथील शाखेनें तो केला, आणि त्याची कथा मेक्नरनेंच लिहिली. आमच्या वाचकांना गंमत वाटेल ती ही कीं, ही कथा हिंदुस्थानांत सुरू होते. इराणी फौज एका महाराजाचा राजवाडा लुटते. राजपुत्राच्या हातीं एक खंजीर लागतो, आणि महाराजाची मुलगी फराह बंदी होऊन लुटीबरोबर जाते. पुढें दगाबाज वजिराच्या नादानें राजपुत्र मोठें वाळूचें घड्याळ उघडतो, माणसांचे राक्षस होतात, आणि ज्या मुलीचें घर आपण उध्वस्त केलें तिच्याच सोबतीनें त्याला तें पाप निस्तरावें लागतें. खंजिरांत काळाची वाळू आहे. कड्यावरून पाय निसटला तर कळ दाबावी; पडणारा राजपुत्र उलट वर येतो आणि पुन्हां कड्यावर उभा राहतो. वाळू मोजकी असते, एवढीच मर्यादा. वाळू संपून तो मेलाच, तर गोष्ट सांगणारा राजपुत्र आपणहून म्हणतो कीं, असें झालेंच नव्हतें, सांगण्यांत चूक झाली.

मामांनीं अर्धा तास पाहिलें आणि चष्मा काढून ठेवला. “चित्रं फार सुरेख आहेत. पण मागं फिरवता येते ती वेळच नव्हे. उद्यां सकाळीं माझ्याबरोबर चला, वेळ म्हणजे काय तें दाखवतों.”

दुसऱ्या दिवशीं उजाडतां आम्ही सगळे मळ्याच्या वाटेनें गुऱ्हाळावर गेलों. कारखाना इतका जवळ असतांही या भागांत गुऱ्हाळें अजून तग धरून आहेत. कोल्हापुरी गुळाचें नांव त्यांच्यावर आहे. घाण्यांतून पडलेला रस मोठ्या काहिलींत चढविलेला होता, खालीं चुलवाणांत वाळलेलीं चिपाडें घातलीं जात होतीं. भेंडीचा रस घातल्यानें मळी वर येते. ती झाऱ्यानें काढीत गुळव्या काहिलीभोंवतीं फिरत होता. रस आटूं लागला, फेंस पिवळा झाला, तसा त्यानें थोडासा पाक पाण्यांत टाकून बोटांनीं चाचपला, ‘अजून’ म्हणाला, पुन्हां टाकला, आणि एकाएकीं ओरडला. चौघांनीं काहील उचलून वाफ्यांत ओतली. तो क्षण अलीकडे धरला तर ढेप बसत नाहीं, पलीकडे गेला तर गूळ करपून काळा पडतो. “इथं कुठली कळ दाबाल?” मामांनीं भाच्यांना विचारलें. पोरें गप्प झालीं.

तेव्हां इतका वेळ न बोललेल्या नातवानें गुळव्याला विचारलें, “आणि बिघडलं तर काय करतां?”

“काय करायचं? बिघाडलेला गूळ कमी दरानं जातो. काहील धुवायची आनि दुसरं आदण लावायचं,” गुळव्या म्हणाला. “ऊस हाय तवर काय भ्या न्हाई.”

परततांना कोणी फारसें बोललें नाहीं. आम्हांस मात्र वाटलें कीं, सकाळचा निकाल मामांनीं योजिला तसा पूर्णपणें त्यांच्या बाजूचा लागला नव्हता.

मालिकेच्या मधल्या खेळांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. २००४ आणि २००५ सालच्या खेळांत राजपुत्र अधिक रागीट झाला, आणि रक्तपात वाढला. २००८ सालच्या खेळांत दयेचा अतिरेक झाला: एलिका नांवाची सोबतीण राजपुत्र पडला कीं दरवेळीं त्याचा हात धरून त्याला वर काढते, त्यामुळें तेथें मरण म्हणून नाहींच. हे सर्व खेळ क्रमानें पाहिले म्हणजे क्षमेचा एक इतिहासच डोळ्यांपुढें येतो. पहिल्यांत क्षमा पुष्कळ पण वेळ बांधलेला. दुसऱ्यांत क्षमा मोजून दिलेली. तिसऱ्यांत ती न मागतां मिळणारी. घरांतल्या वडीलधाऱ्यांचेही असेच तीन प्रकार असतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

जानेवारी २०२४ मध्यें आलेला ‘द लॉस्ट क्राउन’ हा भाच्यांचा लाडका खेळ. युबिसॉफ्टच्या फ्रान्समधील माँपेलिए येथील मंडळींनीं तो केला. त्यांनीं पुन्हां मेक्नरच्या पद्धतीप्रमाणें बाजूनें दिसणारें चित्र घेतलें, म्हणून मामांनीं तो पाहतांच ओळखला. नायक आतां राजपुत्र नाहीं; सरगोन नांवाचा एक योद्धा पळवून नेलेल्या राजपुत्राला शोधीत काफ पर्वतावर जातो, जेथें काळाची घडी विस्कटलेली आहे. सीमुर्ग हा इराणी पुराणांतला पक्षी त्यांत येतो. पात्रांचे संवाद फारसींतही ऐकतां येतात. मामांनीं मुद्दाम तसे लावून घेतले आणि ‘दरवाजा’, ‘जमीन’, ‘कारखाना’ हे आपले घरचे शब्द मुळांत त्याच भाषेचे, असें मुलांना सांगून आपली बाजू थोडी सांवरून घेतली.

या खेळांतली एक सोय आम्हांस विशेष विचार करण्यासारखी वाटली. वाटेंत असें एखादें दार येतें कीं, आज आपल्या अंगीं असलेल्या बळावर तें उघडत नाहीं. कितीही वेळ धडका मारल्या तरी व्यर्थ. अशा वेळीं त्या जागेचें चित्र काढून नकाशावर लावून ठेवतां येतें. मग दुसरीकडे जावें, नवी शक्ति मिळवावी, आणि सवडीनें परत येऊन तें दार उघडावें. येथें तासाचें घड्याळ नाहीं, आणि केलेलें पुसून टाकणें हाही मुख्य उपाय नाहीं. आठवण ठेवणें आणि परत येणें हा आहे. शिवाय खेळणाऱ्याच्या डोळ्यांप्रमाणें व बोटांप्रमाणें अवघडपणा कमी-जास्त करतां येतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मामांना जुन्या खेळांतल्या पहारेकऱ्याचा वार वेळेवर दिसत नाहीं. नव्या खेळांत तीं मापें सैल करून भाच्यांनीं त्यांना तीन लढाया जिंकून दिल्या. आपला पक्ष न सोडतां मामांनीं त्या जिंकल्या.

जुन्याचें नवें करणें किती कठीण, याचें एक उदाहरण आपल्या प्रांताच्या जवळचें आहे. ‘द सँड्स ऑफ टाइम’ नव्यानें घडविण्याचें काम युबिसॉफ्टनें आपल्या पुणें व मुंबई येथील शाखांकडे सोंपविलें, आणि सप्टेंबर २०२० मध्यें तें जाहीर झालें. महाराजाच्या राजवाड्याची कथा मराठी मुलुखांत पुन्हां घडणार, याचा अनेकांस अभिमान वाटला. तो खेळ जानेवारी २०२१ मध्यें यावयाचा होता. पहिलीं चित्रें पाहून जुन्या चाहत्यांनीं नाराजी दाखविली, दिवस पुढें ढकलला गेला, मे २०२२ मध्यें काम माँट्रियलकडे परत गेलें, आणि जानेवारी २०२६ मध्यें कंपनीनें तो खेळच रद्द केला. ज्यांनीं त्यांत आपलीं वर्षें घातलीं त्यांचें काम लोकांपुढें आलें नाहीं. कळ दाबून तीं वर्षें मागें फिरविण्याची सोय त्यांना नव्हती. परंतु ते शिकलेले हात पुढच्या कामाला उपयोगीं पडणार नाहींत, असें कोण म्हणेल?

चौथ्या दिवशीं संध्याकाळीं वीज गेली तेव्हां सगळे अंगणांत येऊन बसले. वाद पुन्हां निघाला. या वेळीं मामा नातवाकडे वळून म्हणाले, “हीं पोरं जुन्या खेळाला निर्दय म्हणतात तें खोटं आहे. त्यांत मेल्याचा दंड नव्हता. शंभरदां मेलं तरी शंभरदां उठवीत असत. दंड होता तो वेळेचा. तुझीं दोन वर्षं गेलीं, तीं गेलीं. पण तुझा तास भरलेला नाहीं.” घरांत त्या विषयावर उघडपणें बोललेलें तें पहिलें वाक्य.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, तुम्ही रागावणार नसाल तर सांगतों. मी त्या दाराचं चित्र काढून ठेवलं आहे. तिसऱ्यांदां धडक मारायची नाहीं. जूनपासून कोल्हापुरांत सूक्ष्मजीवशास्त्राला जावं म्हणतों. पुढं वाटलं तर परत येईन त्या दाराशीं. नाहीं वाटलं तर नाहीं.”

मामी आंतून दिवा घेऊन आल्या. मामांनीं विचारलें, “फी कधीं भरायची?” या घरांत संमति अशीच दिली जाते, हें आम्हांस लहानपणापासून ठाऊक आहे.

आतां जुना बरा कीं नवा, याचा निकाल द्यावयाचा झाला तर आम्ही असें म्हणूं. जुन्या खेळानें माणसें एका यंत्राभोंवतीं गोळा केलीं. तो इतका अवघड होता कीं, आठ डोकीं एकत्र आल्यावांचून राजकन्या सुटतच नसे. नव्या खेळानें दुबळ्याला जागा करून दिली, आणि अडलेल्याला दुसरी वाट दाखविली. परंतु तो एकट्यानें, दार लावून, कानांत यंत्र घालून खेळतां येतो, आणि बहुतेक घरांत तसाच खेळला जातो. हा दोष खेळाचा नव्हे, घराचा आहे. ज्या घरांत असें यंत्र आलें असेल त्यांनीं तें मुलांच्या खोलींत न ठेवतां सोप्यांत किंवा बैठकींत ठेवावें. वडील माणसांनीं ‘हें काय खुळ’ म्हणून उठून न जातां एक डाव बसून पाहावा. जमल्यास आपल्या काळचा खेळ मुलांना दाखवावा व त्यांच्याकडून त्यांचा शिकावा. मुलें सहसा ज्या गोष्टी सरळ सांगत नाहींत, त्या खेळाच्या ओघांत पुष्कळदां सांगून जातात. त्या ऐकावयास तेथें कोणीतरी बसलेलें मात्र असावें लागतें.